पॅलेस्टिनी हिप हॉप

पॅलेस्टिनी हिप हॉप : इस्रायल, वेस्ट बँक, गाझा आणि परदेशांतील पॅलेस्टिनी तरुणांचे, मुख्यतः बोली अरबीतील रॅपगायन. त्याचा आरंभ सहसा 'डॅम' या गटापासून धरतात. तामेर नफार, त्याचा भाऊ सुहैल आणि महमूद जरेरी यांनी १९९९ मध्ये तेल अवीवजवळच्या लिद्द (लोद) शहरात तो सुरू केला. 'डॅम' म्हणजे अरबीत 'टिकले', हिब्रूत 'रक्त'. २००१ मधील 'मीन इरहाबी' (दहशतवादी कोण?) हे त्यांचे गाणे इंटरनेटवरून दूरवर पोहोचले. गाझातील पीआर (पॅलेस्टिनियन रॅपर्स) आणि इस्रायलच्या किनाऱ्यावरील अक्का शहरातील एमडब्ल्यूआर हे त्याच काळातले गट.

गाझा, वेस्ट बँक आणि इस्रायलमधील कलावंतांना एकमेकांकडे मोकळेपणे जाता येत नाही, म्हणून जोडगाणी बहुधा फायली पाठवून होतात. एकाने ठेका बांधायचा, प्रत्येकाने आपले कडवे, बहुधा सोळा मात्राखंडांचे (बार, प्रत्येकी चार ठोके), घरीच मुद्रित करायचे. मिनिटाला ९० ठोके असतील तर ते सुमारे ४३ सेकंद चालते. आवाज प्रतिध्वनीविना आणि गाण्याच्या शून्य क्षणापासून पाठवावा. ४८ किलोहर्ट्झची (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेणारी) फाइल ४४.१ ची समजून वाजवली, तर ती आठ टक्के संथ होते आणि आवाज जवळजवळ दीड अर्धस्वर उतरतो. एमपी३ फायलीच्या आरंभी किंचित शांतता शिरते. ती कापली नाही, तर शब्द ठेक्यामागे पडतात.

खरी गंमत बोलीत आहे. घशातून उच्चारायचा 'क़' शहरांत गळून नुसता झटका उरतो, बदाऊंकडे (भटक्या वाळवंटी अरबांकडे) त्याचा 'ग' होतो आणि अनेक खेड्यांत साधा 'क'. त्यामुळे खेडुताचे 'क़ल्ब' (हृदय) शहरी कानाला 'कल्ब' (कुत्रा) ऐकू येते. कुत्र्याला तो खेडूत स्वतः 'चल्ब' म्हणतो! प्रमाण अरबीत लिहिले तर हा घोळ टळतो, पण मग रॅप बातम्यांसारखा वाटतो. म्हणून रॅपर सहसा आपापल्या उच्चारावर ठाम राहतात.

घरातली, स्त्री-पुरुषांमधली दरी यापेक्षा अवघड. अक्काच्या 'अरबियात' या मुलींच्या जोडीसारख्या गायिकांना मंचावर येण्यासाठी आधी घरच्यांची संमती मिळवावी लागे. 'डॅम'ने २०१२ मध्ये 'प्रतिष्ठे'पायी होणाऱ्या स्त्रीहत्येवर गाणे केले. लैला अबू-लुघोद आणि माया मिकदाशी या अभ्यासकांनी त्यावर टीका केली : हिंसेचा दोष परंपरेवर टाकताना त्यात राजकीय वास्तव गाळले आहे. गटाने लेखी उत्तर दिले. मैसा दाव ही गायिका पुढे याच गटाची सदस्य झाली.