रूळ कुणाच्या दारात आधी आले

सकाळी सहाला इंदूरच्या गंगवाल बसस्टँडवर उभं राहिलं की पश्चिमेच्या डोंगराळ झाबुआ-अलीराजपूर जिल्ह्यांकडच्या गाड्या रिकाम्या होताना दिसतात. डोक्यावर गोधड्या-भांड्यांचं गाठोडं, काखेत पोर, हातात फावडं. बांधकामावर निघालेली भिल्ल कुटुंबं. 2011 च्या जनगणनेत इंदूर जिल्ह्याची साक्षरता 80 टक्क्यांच्या वर होती, अलीराजपूरची 36 टक्के, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत तळाची. दोन्ही जिल्हे एकाच महसूल विभागातले. ही दरी पडली केव्हा, हे पाहायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

मातीचा फरक आहेच. इकडे ओल धरणारी काळी जमीन, तिकडे उताराची, मुरमाड, पावसाळा सरला की कोरडी. पण इंदूरच्या पेढ्यांत पैसा साचला तो मुख्यतः अफूच्या व्यापारातून. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची. आपल्या घरांतून ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही, सांगायला हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो व्यापार आटला आणि तेच भांडवल कापडगिरण्यांकडे वळलं. सर सेठ हुकुमचंद हे त्यातलं सर्वांत मोठं नाव.

माझ्या मते पारडं फिरवलं ते रेल्वेने. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 च्या सुमारास खंडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीवर. खंडव्याला मुंबईचा रूळ होताच, त्याला इंदूर जोडलं गेलं. गिरण्यांचा कोळसा, यंत्रं, कापसाच्या गाठी, सगळी ने-आण मग रुळावरून होऊ लागली. झाबुआ आणि अलीराजपूर ही लहानशी संस्थानं; त्यांच्या खजिन्यात कोटभर रुपये कुठून असणार? अलीराजपूरला प्रवासी गाडी पोचली 2019 मध्ये, आणि तीही गुजरातमधल्या छोटा उदेपूरकडून. झाबुआवरून जाणाऱ्या इंदूर-दाहोद मार्गाची पायाभरणीच 2008 ची.

शिक्षणाचंही तसंच. होळकर कॉलेज 1891 पासून आहे. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या तरी शिकलेली माणसं, पेढ्या आणि बाजारपेठ शहरात होतीच, म्हणून इंदूर पुन्हा उभं राहिलं. धार मागास जिल्हा, म्हणून तिथल्या उद्योगांना सवलती मिळाल्या; कारखाने मात्र आले पीथमपूरला, जिल्ह्याच्या इंदूरला लागून असलेल्या टोकाला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या कुक्षीकडे त्यातलं फारसं काही सरकलं नाही.

होळीआधी भगोरियाचे, म्हणजे भिल्लांच्या सणाचे, बाजार भरतात तेव्हा बांधकामावरची ही माणसं गावी परततात. गंगवालवरून उलट्या दिशेच्या गाड्या खचाखच भरून जातात. त्या आठवड्यात घर बांधणाऱ्याला ठेकेदार आधीच सांगून ठेवतो: स्लॅब भगोरियानंतर.