घरभर वास सुटला, म्हणजे स्कोनमधून गेला

लिंबाच्या स्कोनची (चहाबरोबर खायच्या छोट्या, खुसखुशीत, यीस्टविना फुगवलेल्या पावाची) कृती दाखवणाऱ्या व्हिडिओंमध्ये एक वाक्य हमखास येतं: ‘घरभर मस्त वास सुटला की समजायचं, जमलं!’ वास सुटतो हे खरं, पण त्याचा अर्थ नेमका उलटा आहे. तुमच्या नाकापर्यंत पोचलेला प्रत्येक रेणू स्कोनमधून कायमचा गेलेला असतो. मग मंडळी तक्रार करतात की दोन लिंबं पिळली तरी खाताना लिंबू कुठे लागतच नाही, आणि पुढच्या खेपेला तिसरं लिंबू पिळतात. त्याने स्कोन आंबट होतो, लिंबाचा होत नाही.

स्कोन मूळचा स्कॉटलंडचा. आधी तो ओट किंवा बार्लीच्या पिठाचा, लोखंडी तव्यावर भाजलेला जाड चपटा गोल असे. १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने यीस्ट न सोसणाऱ्या आपल्या बायकोसाठी बेकिंग पावडर तयार केली. अशा पावडरी घरोघरी पोचल्यावर स्कोन ओव्हनमध्ये शिरला आणि फुगला. आजचं साधारण प्रमाण असं: २५० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम लोणी किंवा बटर, ४० ग्रॅम साखर, तीन चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि भिजवायला १२० मिलिलिटरच्या आसपास दूध. २२० अंश सेल्सिअसला बारा ते पंधरा मिनिटं. शंकरपाळ्यांना आपण मोहन घालतो तसाच इथेही मैद्याला स्निग्ध पदार्थ चोळायचा, फक्त कडकडीत न घालता फ्रिजमधला थंडगार. बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं, त्यामुळे मे महिन्यात मुंबईत हे काम पंखा लावून आणि झटपट करावं लागतं. बटरचे कण न वितळता पिठात राहिले तर ओव्हनमध्ये त्यांच्या जागी पोकळ्या होतात आणि स्कोन खुसखुशीत होतो. कृतीचं इतकंच. आता मुद्द्याचं.

जिभेला लिंबातलं कळतं ते सायट्रिक आम्ल, म्हणजे आंबटपणा. ‘लिंबू’ म्हणून आपण जे ओळखतो ते नाकाला कळतं, आणि चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासातून कळतं. नाक दाबून लिंबू चाटून बघा, चिंच आहे की लिंबू ते सांगणं अवघड जाईल. हा वास येतो तेलातून आणि ते तेल रसात जवळजवळ नसतंच. ते असतं सालीच्या रंगीत थरात, डोळ्यांना दिसतील एवढ्या बारीक पिशव्यांमध्ये. लहानपणी संत्र्याची साल दुसऱ्याच्या डोळ्यासमोर पिळण्याचा उद्योग आपण केलेला आहे. ती चिळकांडी म्हणजेच हे तेल. सालीखालचा पांढरा थर मात्र कडू, म्हणून किसताना पांढरं दिसलं की थांबायचं.

संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त भाग एकाच पदार्थाचा असतो: लिमोनीन. पिवळ्या लिंबाच्या, म्हणजे परदेशी कृतींमधल्या लेमनच्या तेलात ते साधारण ६५ ते ७० टक्के. इथे एक लाडकी गोष्ट सांगितली जाते. लिमोनीनचे आरशातल्या प्रतिमेसारखे दोन प्रकार आहेत, ‘उजवा’ आणि ‘डावा’. उजवा संत्र्यात आणि डावा लिंबात, म्हणून दोघांचे वास वेगळे! रेणूंच्या उजव्या-डाव्या जोड्या शिकवताना हे उदाहरण पुस्तकांतसुद्धा छापलेलं आढळतं. उदाहरण सुंदर आहे, पण चुकीचं आहे. दोन्ही फळांत बहुतांश लिमोनीन उजवंच असतं, आणि डाव्याचा वास लिंबापेक्षा टर्पेंटाइनकडे झुकतो. लिंबाला लिंबूपण देतं ते सिट्रल नावाचं दुसरं द्रव्य, तेलात अवघं दोन-तीन टक्के. गवती चहाच्या तेलात तेच सिट्रल सत्तर-ऐंशी टक्के असतं, म्हणून चहात त्याची पात टाकली की लिंबाचा भास होतो.

लिमोनीन १७६ अंशांना उकळतं. सिट्रल २२९ अंशांच्या आसपास. ओव्हन २२० अंशांवर असला तरी स्कोनचा गाभा पाणी असेपर्यंत शंभराच्या वर जात नाही. म्हणजे लिमोनीन सुरक्षित, असं वाटेल. नाही. इथेच माझ्या आवडीचं भौतिकशास्त्र सुरू होतं.

एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले तर प्रत्येकाची वाफ, दुसरा तिथे नाहीच अशा थाटात, आपला पूर्ण दाब देते. उकळी कधी फुटते? दोन्ही दाबांची बेरीज बाहेरच्या हवेच्या दाबाएवढी झाली की. समुद्रसपाटीला तो ७६० मिलिमीटर पारा. साडेसत्त्याण्णव अंशांच्या जवळ पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे ६९५ असतो आणि लिमोनीनचा सुमारे ६५. बेरीज ७६०. म्हणजे १७६ अंशांना उकळणारं तेल पाण्याच्या संगतीत शंभराच्याही आत उकळून जातं. कनौजचे अत्तरवाले देगेत गुलाब आणि पाणी घालून खालून जाळ लावतात आणि वाफ थंड करून धरतात, ते याच हिशेबावर. आपण फक्त वाफ धरत नाही.

किती तेल जाईल? वाफेतल्या रेणूंचं प्रमाण दाबांच्या प्रमाणात, आणि वजन काढायला त्याला रेणुभाराने, म्हणजे रेणूच्या सापेक्ष वजनाने, गुणायचं. लिमोनीन १३६, पाणी १८. ६५ गुणिले १३६ म्हणजे ८८४०, ६९५ गुणिले १८ म्हणजे १२५१०. भागाकार ०.७. म्हणजे पाण्याच्या दर १०० ग्रॅम वाफेबरोबर ७० ग्रॅम लिमोनीन जाऊ शकतं! स्कोनच्या एका घाण्यातून तीसेक ग्रॅम पाणी उडतं असं धरा. त्या वाफेची ऐपत वीस ग्रॅमहून जास्त तेल नेण्याची. आणि दोन लिंबांच्या किसलेल्या सालीत तेल असतं, धरून चालू, ०.४ ग्रॅम.

या हिशेबाने स्कोनमध्ये काहीच उरायला नको. तरी उरतं, कारण हिशेबातली ‘न मिसळणारे’ ही अट बटरने मोडलेली असते. लिमोनीन पाण्यात विरघळत नाही, पण स्निग्ध पदार्थात आनंदाने विरघळतं. आणि विरघळलेल्या पदार्थाचा बाष्पदाब मिश्रणातल्या त्याच्या रेणूंच्या वाट्याइतकाच उरतो. हा राऊल्टचा नियम. ६० ग्रॅम बटरमध्ये स्निग्धांश साधारण ४८ ग्रॅम, त्याचा रेणुभार आठशेच्या घरात, म्हणजे ०.०६ मोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक). लिमोनीन ०.४ ग्रॅम, म्हणजे ०.००३ मोल. वाटा सुमारे विसावा. ६५ चा दाब तीनवर आला. वाफेची ऐपतही विसाव्या भागावर, म्हणजे एक ग्रॅमवर. ही अजूनही ०.४ पेक्षा जास्त आहे हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. पण वाफ जाते ती मुख्यतः वरच्या कवचातून, गाभा ओला राहतो, आणि सगळा खेळ पंधरा मिनिटांचा. त्यामुळे बरंच तेल आत टिकतं. सिट्रल तर त्याहून जड आणि कमी उडणारं, त्याचं नुकसान आणखी कमी. लिंबाचा स्कोन संत्र्याच्या स्कोनपेक्षा जास्त ठसठशीत लागतो याचं एक कारण मला हेच वाटतं. संत्र्याच्या वासातले पुष्कळ नाजूक घटक हलके असतात आणि पहिल्याच वाफेला निघून जातात. नागपुरी संत्र्याचे स्कोन करणाऱ्यांनी साल दुप्पट घ्यावी.

याच बाष्पदाबाच्या आधाराने एक फॉरवर्ड निकालात काढता येतो. दारावरच्या लिंबू-मिरचीमागे म्हणे ‘विज्ञान’ आहे: सुती दोरा लिंबातलं आम्ल आणि क जीवनसत्त्व शोषतो, ते हळूहळू हवेत पसरतं आणि घरच्यांच्या श्वासातून शरीरात जातं. सायट्रिक आम्ल काय किंवा क जीवनसत्त्व काय, घरातल्या तापमानाला उडतच नाहीत. जास्त तापवलं तर उडण्याऐवजी त्यांचं विघटन होतं. सुई खुपसल्यावर थोडं सालीतलं तेल उडत असेल, पण ते जीवनसत्त्व नव्हे. दृष्ट लागते असं मानायचं तर माना, त्याला रसायनशास्त्राची साक्ष काढू नका.

आता पुन्हा ओट्याकडे. पहिलं काम, साल साखरेबरोबर चोळायची, बोटांनी, दोन-तीन मिनिटं. साखरेच्या दाण्यांच्या धारदार कडा तेलाच्या पिशव्या फोडतात आणि साखर ओलसर, सुगंधी होते. मग ही साखर बटरबरोबर मैद्यात चोळायची, म्हणजे तेल दुधाआधी बटरला भेटतं. दुधात साल टाकून ते उकळवलं तर तीच अत्तराची देग पुन्हा मांडल्यासारखं होईल.

रस पिठात घालायचाच नाही. त्यातलं आम्ल बेकिंग पावडरमधल्या सोड्याशी तिथल्या तिथे झटापट करून कार्बन डायऑक्साइड ओव्हनआधीच घालवतं. शिवाय आम्लात सिट्रल टिकत नाही, त्याचे दुसरेच, शिळकट वासाचे पदार्थ होतात. बाटलीतलं लिंबू सरबत काही महिन्यांनी फिनेलची आठवण देऊ लागतं ते काहीसं यामुळेच. रसाची जागा वर: पिठीसाखरेत चमचा-दोन चमचे रस आणि थोडी ताजी साल कालवून ती स्कोन पूर्ण गार झाल्यावर ओतायची. गरम स्कोनवर ओतली तर वाफ अजून निघतच असते.

आपलं कागदी लिंबू वापरलं तर साल पातळ असते. किसणी हलक्या हाताने एकदाच फिरवायची आणि दोनाऐवजी चार लिंबं घ्यायची. बाजारातल्या चकचकीत फळांवर मेणाचा थर असू शकतो, कोमट पाण्याने चोळून धुऊन कोरडी करा. आणि ज्यांच्या कुंडीत गवती चहा आहे त्यांनी एक पात बारीक कातरून मंद आचेवर वितळलेल्या बटरमध्ये अर्धा तास ठेवावी, गाळावी आणि ते बटर फ्रिजमध्ये घट्ट करून स्कोनला वापरावं. एकाही लिंबाची साल न किसता सिट्रल मिळतं, आणि थेट स्निग्धांशात विरघळलेलं.