पॉर्न, जोडपी आणि पस्तीस दिवसांची डायरी

1989 साली डग्लस केनरिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर केलेला एक प्रयोग खूप गाजला. पुरुषांच्या मासिकात मधल्या पानावर असतात तशी नग्न मॉडेलची छायाचित्रं काही लोकांना दाखवली आणि मग विचारलं, तुमचं तुमच्या जोडीदारावर किती प्रेम आहे? फोटो पाहून खूश झालेल्या पुरुषांचं बायकोवरचं प्रेम कागदावर तरी कमी भरलं. बायकांमध्ये तसा फरक दिसला नाही. निष्कर्ष सांगायला सोपा आणि बहुतेकांना आधीपासूनच पटलेला, त्यामुळे तो वर्षानुवर्षं लेखांतून, भाषणांतून फिरत राहिला.

2017 मध्ये कॅनडातल्या रोंडा बाल्झरिनी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी जास्त लोक घेतले, आणि अंदाज काय, आकडेमोड कशी करणार, हे आधीच नोंदवून ठेवलं, म्हणजे नंतर सोयीचा निकाल निवडायची मुभा नको. एकदा नाही, तीनदा केला. तो परिणाम एकदाही दिसला नाही.

म्हणजे पॉर्न आणि नात्यातलं समाधान यांचा काही संबंधच नाही? तसंही नाही. त्याच वर्षी पॉल राइट आणि सहकाऱ्यांनी सुमारे पन्नास अभ्यास एकत्र तपासले; त्यांतल्या सहभागींची संख्या पन्नास हजारांच्या वर. पॉर्न पाहणाऱ्या पुरुषांमध्ये लैंगिक आणि नात्यातलं समाधान सरासरीने थोडं कमी आढळलं, स्त्रियांमध्ये तसं आढळलं नाही. पण हे समाधान मोजतात कसं? सर्रास वापरली जाणारी एक प्रश्नावली अशी: तुमचं लैंगिक नातं चांगलं की वाईट, सुखद की असुखद, मोलाचं की कवडीमोल, अशा पाच जोड्या आणि प्रत्येकीला एक ते सात गुण. झालं समाधान. पस्तीसपैकी अठ्ठावीस पडले म्हणजे रात्र बरी गेली, असं काही त्यातून कळत नाही.

शिवाय आधी काय घडलं, हाही प्रश्न उरतोच. नवरा पॉर्न पाहतो म्हणून शय्यासुख आटलं, की ते आटलं म्हणून तो मोबाइल घेऊन दुसऱ्या खोलीत गेला? सॅम्युअल पेरी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचं मला इथे कौतुक वाटतं. पॉर्न आणि बिघडणारे संसार यांचा संबंध दाखवणारे बरेच अभ्यास त्याचेच. 2020 मध्ये त्याने स्वतःच शंका काढली: आपण मोजतोय ते पॉर्न, की हस्तमैथुन? राष्ट्रीय सर्वेक्षणांच्या आकड्यांत हस्तमैथुन वेगळं काढल्यावर नात्यातल्या असमाधानाशी त्याचाच संबंध उरला, पॉर्नचा जवळपास पुसला गेला. पडद्यावर काय दिसतं यापेक्षा शरीरसुख एकट्याने घेतलं जातं, हे इथे जास्त बोलकं ठरलं.

मला सगळ्यांत भावलेला अभ्यास मात्र कॅनडातल्या मारी-पिएर व्हायांकूर-मोरेल यांचा. 217 जोडपी, सलग 35 दिवस, आणि दोघांनी रोज आपापली डायरी भरायची: आज पॉर्न पाहिलं का, इच्छा किती होती, जवळ आलात का. इथे एका माणसाची तुलना दुसऱ्याशी नाही, त्याच घरातल्या सोमवारची मंगळवारशी आहे. स्त्रीने पॉर्न पाहिलेल्या दिवशी तिची इच्छा वाढलेली, जोडीदाराचीही, आणि संबंध येण्याची शक्यताही जास्त. पुरुषाने पाहिलेल्या दिवशी जोडीदाराची इच्छा कमी. जोडीदार स्त्री असेल तर संबंधाची शक्यताही कमी, पण जोडीदार पुरुष असेल तर उलट जास्त. आणि नात्यातल्या समाधानाशी? काहीच संबंध नाही. एकच गोष्ट, पण पाहणारा कोण आणि शेजारी कोण यावर तिचा अर्थ फिरतो.

अमेरिकेतल्या 1,755 जोडप्यांच्या एका अभ्यासात दोघांच्या सवयींतली तफावत मोजली होती. एक भरपूर पाहतो आणि दुसरी अजिबात नाही, अशी दरी जितकी मोठी, तितकं समाधान कमी आणि मोकळं बोलणंही कमी. बोलणं आटलं की मोबाइल पालथा ठेवला जातो, की मोबाइल पालथा राहिला म्हणून बोलणं आटतं, हे या आकड्यांवरून ठरत नाही.

अपराधीपणाचा हिशेब आणखी वेगळा. जॉशुआ ग्रब्ज यांच्या संशोधनात असं वारंवार दिसतं, की ज्यांना पॉर्न पाहणं पाप वाटतं, ती माणसं थोडंसं पाहूनही स्वतःला व्यसनी समजतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटण्याच्या विकाराला जागा दिली, तेव्हा ही बाब लक्षात घेतली. सहा महिने किंवा अधिक काळ ताबा राहत नाही आणि त्यापायी घर, काम, तब्येत यांची आबाळ होते, तर तो विकार. नुसतं नैतिक टोचणीमुळे होणारं दुःख त्यासाठी पुरेसं नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. आठवड्यात किती वेळा पाहिलं म्हणजे फार झालं, याचा आकडा त्या व्याख्येत कुठेच नाही.