बॉल हवेत डुलतो? बदलून घेण्याआधी हे वाचा

आमच्याकडून अमेरिकन फुटबॉलचा बॉल नेणारे बरेच जण आठवड्याभरात परत येतात. तक्रार ठरलेली असते: बॉल सरळ जात नाही, हवेत डुलतो, बदलून द्या. शिवण उसवली असेल किंवा हवा टिकत नसेल तर आम्ही लगेच बदलून देतो. पण डुलण्याचं कारण बहुतेक वेळा पकडीत असतं, आणि ती चूक नव्या बॉलबरोबरही घरी जाते.

चूक अशी की बॉल तळहातात दाबून धरला जातो. निसटेल या भीतीने हात आपोआप आवळतो. अनामिका आणि करंगळी लेसवर, म्हणजे बॉलवरच्या दोरीच्या उठावदार शिवणीवर ठेवा, तर्जनी मागच्या टोकाकडे सरकवा, अंगठा खालून. आता तळहात आणि बॉल यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट घालून पाहा. ते शिरलं नाही किंवा नखं पांढरी पडलेली दिसली, तर पकड घट्ट आहे. बॉल बोटांवरून घसरत सुटला पाहिजे, शेवटी तर्जनीवरून. त्या घसरण्यातून त्याला फिरकी मिळते, आणि फिरणारा भोवरा जसा पडत नाही तसं बॉलचं टोकही फिरकीमुळे स्थिर राहतं. तळहाताने ढकललेला बॉल फिरतच नाही, मग तो डुलणारच.

काही जण फिरकी आणण्यासाठी स्क्रू पिळल्यासारखं मनगट मुद्दाम फिरवतात. तसं करू नका. फेकून झाल्यावर हात विरुद्ध बाजूच्या खिशाकडे जाऊ द्या, अंगठा खाली. तळवा आकाशाकडे उघडा राहिला, तर मनगट उलट फिरलं असं समजा.

मुलांना मोठा बॉल आम्ही सहसा देत नाही. त्यावरून पालक नाराज होतात, "वर्षभरात लहान पडेल" म्हणतात. पूर्ण मापाचा बॉल साधारण ११ इंच लांब आणि १४ ते १५ औंस, म्हणजे जवळपास ४०० ते ४२५ ग्रॅम वजनाचा असतो. दहा वर्षांच्या मुलाची बोटं लेसपर्यंत पोचून वर त्याला पेलतील, असं क्वचितच होतं. मग ते बॉल तळहातात दाबतं, आणि लागलेली सवय पुढे मोडायला महिने जातात. म्हणून आम्ही आधी हाताचं माप घेतो आणि पी-वी, ज्युनिअर, यूथ यांतलं योग्य माप देतो. बॉलचा आकारही फेकण्याच्याच सोयीने घडत गेला आहे: पुढे पास फेकायला १९०६ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा तो बराच जाडजूड होता, १९३०च्या दशकात सडपातळ झाला. तेव्हा मापाचा आग्रह आमचा हट्ट समजू नका.

शिकवणीच्या पहिल्या तासाला आम्ही फेकणाऱ्या हाताच्या बाजूचा गुडघा जमिनीवर टेकवून, समोरच्यापासून पाचेक मीटरवर बसवतो. चाळीस यार्डांची स्वप्नं घेऊन आलेल्यांना हा वेळकाढूपणा वाटतो. पण पायांची मदत काढून घेतली की हाताची चूक लगेच दिसते, आणि ती तिथेच सुटते. उभं राहिल्यावरचं काम त्या मानाने सोपं: बॉल दोन्ही हातांनी छातीशी, पुढचा पाय लक्ष्याकडे, आधी कंबर फिरते मग खांदा, कोपर खांद्याच्या रेषेत.

नवं चामडं गुळगुळीत असतं, म्हणून बॉल देण्यापूर्वी आम्ही त्यावर ब्रश फिरवतो. बॉल ओल्या गवतात ठेवू नका. चामडं पाणी पितं आणि जड होतं. पावसात सराव करायचा असेल तर रबराचा बॉल वेगळा ठेवलेला बरा, तोही आमच्याकडे मिळेल.

हवेचा दाब १२.५ ते १३.५ पीएसआय असावा. येताना तोच बॉल घेऊन या, दाब तपासून हवा भरून देण्याचे आम्ही काही घेत नाही, आणि तुमची पकडही तेव्हाच पाहून घेऊ.