प्रतिकृती रेल्वे : जुन्या प्रवासी डब्यांतील दिव्यांची दुरुस्ती

विजेवर चालणाऱ्या जुन्या प्रतिकृती आगगाडीच्या प्रवासी डब्यांतील बंद पडलेले दिवे पुन्हा चालू करण्याचे काम. येथील विवेचन अमेरिकेतील लायोनेल कंपनीच्या तीन रुळांच्या डब्यांपुरते आहे.

लायोनेलने १९०१ च्या सुमारास २.८७५ इंच गेजचा (गेज म्हणजे रुळांमधले अंतर) दोन रुळांचा मार्ग काढला. १९०६ मध्ये तो मागे पडून २.१२५ इंचांचा तीन रुळांचा ‘स्टँडर्ड गेज’ आला. यात मधल्या रुळातून वीज येते आणि बाहेरच्या दोन्ही रुळांतून परत जाते. त्यामुळे चाके व सांगाडा धातूचे असूनही चालतात आणि दिव्यापर्यंत एकच तार न्यावी लागते. २.१२५ हा आकडा कोठून आला, याबद्दल मतभेद आहेत. जर्मनीतील मेर्कलिन कंपनी ५४ मिमी. हे अंतर एका रुळाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजत असे. लायोनेलने तेच अंतर आतल्या कडांमध्ये धरले, म्हणजे चूक झाली, असे एक मत. इतरांच्या गाड्या आपल्या रुळांवर चालू नयेत म्हणून हे मुद्दाम केले, असे दुसरे. आकडे पहिल्या मताशी जुळतात हे खरे. पण ‘स्टँडर्ड गेज’ या नावावरच कंपनीने व्यापारी हक्क सांगितला, हे पाहता दुसरे मत अगदीच सोडून देता येत नाही. पुढे रूढ झालेल्या ओ गेजमध्ये (३१.७५ मिमी.) तिसरा रूळ कायम राहिला.

डब्याच्या बोगीखालचा (बोगी म्हणजे येथे डबा नव्हे, तर डब्याखालचा चाकांचा फिरता गाडा) रोलर मधल्या रुळावरून वीज घेतो. बिघाड बहुधा दिव्यात नसून या वाटेवर असतो. मल्टिमीटरची (रोध, व्होल्ट मोजणारे उपकरण) एक टोकणी रोलरवर व दुसरी होल्डरच्या (दिवा बसतो ती खोबण) मधल्या टोकावर ठेवावी. रोध एक ओहमच्या आत हवा. मग चाकापासून होल्डरच्या कवचापर्यंत मोजावे. खरी अडचण येथे सापडते, कारण परतीचा प्रवाह बोगीच्या गंजलेल्या रिव्हेटमधून जातो. रिव्हेट घासत बसण्यापेक्षा बोगीपासून होल्डरपर्यंत स्वतंत्र तार डाग देऊन जोडणे टिकाऊ ठरते. तार बारीक, बहुपदरी व लवचिक हवी. ती ताठ असली, तर २७ इंच व्यासाच्या वळणावर बोगी उचलली जाऊन डबा घसरतो. रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. स्टील वूल वापरू नये, त्याचे तंतू इंजिनाच्या मोटारीतील चुंबकाला चिकटतात. रोलरच्या आसाला घट्ट ग्रीस लावल्यास तेच निरोधक बनते.

दिवा बदलताना होल्डर पिनचा की आट्यांचा, हे आधी पाहावे. १४४५ क्रमांकाचा पिनचा दिवा १८ व्होल्टला सुमारे ०.१५ अँपिअर घेतो; आट्यांचा त्याच तोडीचा दिवा १४४७. चालू असताना १२० ओहम भरणारा असा दिवा थंड असताना मीटरवर त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास दाखवतो, त्याला शॉर्ट समजू नये. ५७ क्रमांकाचा दिवा पिनांत बसतो, पण १४ व्होल्टला ०.२४ अँपिअर खातो; त्याच्या उष्णतेने सेल्युलॉइडच्या खिडकीपट्ट्या तपकिरी होऊन वळतात. दोन दिव्यांचे सहा डबे म्हणजे १.८ अँपिअर, लहान ट्रान्सफॉर्मर एवढ्याने दमतो.

एलईडी बसवायचे झाल्यास रुळांतील एसीचे (दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहाचे) डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) करणारा चार १एन४००४ डायोडांचा पूल, वीज साठवणारा ४७० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर, सीएल२एन३ हा २० मिलिअँपिअरचा प्रवाहनियंत्रक आणि एकापुढे एक जोडलेले तीन उबदार पांढरे एलईडी पुरतात. पुलाआधी २२ ओहमचा रेझिस्टर घालावा, नाहीतर सर्व डब्यांचे कपॅसिटर एकदम भरताना रोलरवर ठिणगी पडते. २५ व्होल्टचा कपॅसिटर घेणे धोक्याचे, कारण १८ व्होल्ट एसीचे शिखर २५ च्या वर जाते आणि डायोड वजा करूनही २४ उरतात. एलईडी व नियंत्रक मिळून सुमारे १४ व्होल्ट मागतात. म्हणून रुळांचा सांधा ओलांडताना संपर्क तुटला, तरी १८ व्होल्टला प्रकाश जवळपास पाव सेकंद टिकतो. १२ व्होल्टला मात्र सेकंदाचा पंचविसावा भागही कठीण, आणि हळू चालणाऱ्या गाडीला गरज तेव्हाच जास्त. तेथे दोन्ही बोगींवर रोलर लावून ते समांतर जोडणे हाच खरा उपाय. खर्च वाचवण्यासाठी एकच डायोड वापरू नये. त्याने एसीचा समतोल बिघडतो, आणि लायोनेलची जुनी शिटी डीसी मिळाल्यावरच वाजते.

एलईडीचे ठिपके खिडकीतून दिसतात. पट्टी छताला लावून खाली दुधी कागद धरावा. मूळ होल्डर व तारा कापू नयेत, काढलेले भाग डब्याबरोबरच ठेवावेत. संग्राहक बदललेल्या डब्याला कमी लेखतात.

भारतात चालवताना अमेरिकन ट्रान्सफॉर्मरला २३० वरून ११० व्होल्ट करणारा, पुरेशा वॅटचा ट्रान्सफॉर्मर लागतो. ६० हर्ट्झसाठी बनवलेला गाभा ५० हर्ट्झवर अधिक तापतो, त्यामुळे १०० व्होल्टची टॅपिंग (कमी व्होल्ट देणारी जोडणी) असल्यास ती बरी.