‘टक्’ ऐकू येतं, ठोसा दिसत नाही

पाळलेला मँटिस श्रिंप (कोळंबीसारखा दिसणारा, हाताच्या ठोशाने शंख फोडणारा समुद्री जीव) मेल्यावर एका हौशी माणसाने त्याचे जुने घरगुती व्हिडिओ जोडून टाकले. मी ते तीनदा पाहिले. बिळाच्या तोंडाशी देठांवरचे दोन डोळे: एक वर बघतोय, दुसरा थेट कॅमेऱ्याकडे. टाकीत गोगलगाय सोडली जाते. तो मिशांनी तिचा शंख चाचपतो, ‘टक्’ होतं आणि शंखाचा टवका उडालेला असतो. ठोसा मात्र एकाही व्हिडिओत सापडत नाही.

यात मालकाचा दोष नाही. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं टिपतो, म्हणजे दोन चित्रांत ३३ मिलिसेकंदांचं अंतर. ठोसा तीनेक मिलिसेकंदांत आटोपतो.

‘बंदुकीच्या गोळीच्या वेगाने मारतो’ हे वाक्य अशा व्हिडिओंखाली हमखास असतं. ते चूक आहे. जीवशास्त्रज्ञ शीला पटेक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मोजलेला सर्वाधिक वेग सेकंदाला २३ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. थक्क करतं ते त्वरण: गुरुत्वीय त्वरणाच्या जवळपास दहा हजार पट, आणि तेही पाण्यात!

एवढं कुठल्याही स्नायूच्या आवाक्यातलं नाही. स्नायूला जोर असतो, पण तो सावकाश आकसतो. यावरची युक्ती आपण चुटकी वाजवताना वापरतो. मधलं बोट अंगठ्यावर दाबून धरायचं, ताण साठू द्यायचा, मग सटकू द्यायचं. मँटिस श्रिंपचा एक स्नायू हातातली खिट्टी अडकवून धरतो आणि दुसरा मोठा स्नायू तेवढ्या वेळात स्प्रिंग दाबत राहतो. खिट्टी सुटली की साठवलेली सगळी ऊर्जा एकदम मोकळी होते.

ही स्प्रिंग म्हणजे हाताच्या कवचातला खोगिराच्या आकाराचा तुकडा. एका दिशेने वर वाकलेला, आडव्या दिशेने खाली. गणितात याला अपास्तीय अन्वस्तज (हायपरबोलिक पॅराबोलॉइड) म्हणतात. दुहेरी वाक असल्यामुळे ताण एका जागी न साचता पसरतो. शिवाय खोगीर दबतं तेव्हा वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. म्हणून वरचा थर खनिजाने कडक झालेला, तर खालचा कायटिन (कीटक-खेकड्यांच्या कवचातला पदार्थ) आणि प्रथिनांचा, चिवट. स्लॅबमध्ये दाब काँक्रीट सोसतं आणि ताण सळई, तसंच.

पुढचा भाग मला सर्वांत आवडतो. हात इतक्या झपाट्याने हलतो की तिथल्या पाण्याचा दाब एकदम पडतो आणि न तापवताच पाण्याची वाफ होऊन बुडबुडे उठतात. क्षणात ते फुटतात. जहाजांच्या पंख्यांना खड्डे पाडतात ते हेच. त्यामुळे शंखाला एका ठोशात दोन तडाखे बसतात: पहिला हाताचा, आणि ०.३९ ते ०.४८ मिलिसेकंदांनी दुसरा बुडबुड्यांचा, साधारण निम्म्या जोराचा.

(जाता जाता: ‘आपल्याला न दिसणारे हजारो रंग त्याला दिसतात’ हेही सोडून द्या. रंगांसाठी बारा प्रकारच्या ग्राही पेशी आहेत खऱ्या, पण २०१४ मध्ये चाचणी घेतली तेव्हा जवळजवळच्या छटा ओळखण्यात तो माणसापेक्षा बराच कच्चा ठरला.)

व्हिडिओत चित्र हुकलं, तरी आवाज आहेच. आवाजाची नोंद सेकंदाला ४८,००० वेळा होते, म्हणजे दोन तडाख्यांमध्ये वीसेक नोंदी सहज बसतात. मग ते वेगळे काढता येतील? मलाही क्षणभर वाटलं. पण पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. फूटभर अंतरावरच्या काचेवर आपटून परतायला त्याला ०.४ मिलिसेकंद लागतात, नेमका दुसऱ्या तडाख्याच्या सुमारास. त्यामुळे मालकाकडे उरलेल्या प्रत्येक ‘टक्’मध्ये त्याचा हात, बुडबुडे आणि टाकीची काच एकात एक मिसळलेली आहेत.