वसतिगृह, टकळी आणि अभ्यासगट

विदर्भातल्या खेड्यांत मिळून शिकण्याची सुरुवात वसतिगृहापासून धरावी लागते. शाळा शहरात, घर कितीतरी कोस दूर. शिकायचं तर आधी राहण्याजेवणाची सोय हवी. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत सगळ्या जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं, ते याचसाठी. अंबादेवी मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून लढणाऱ्या माणसाला एखादी जात बाहेर ठेवून वसतिगृह चालवणं पटलंच नसतं. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली आणि शेतकऱ्यांच्या पोरांना कॉलेजची वाट मोकळी झाली.

दुसरा धागा वर्ध्याचा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली. सात वर्षांचं मोफत शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हातच्या कामातून. मुलांच्या कामावर शाळेचा खर्च भागवावा, या कल्पनेला अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी तिथेच हरकत घेतली. ती योग्यच होती असं मला वाटतं. शाळेचा कारखाना व्हायला वेळ लागत नाही.

हीच नई तालीम. पुढे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने ती प्रत्यक्ष चालवली. इथल्या पोराला कापूस नवा नव्हता. सरकी काढणं, पिंजणं, पेळू वळणं, टकळीवर, म्हणजे हाताने फिरवायच्या चातीवर, सूत काढणं आणि त्या सुताच्या मोजमापातून गणित शिकणं, हे मात्र नवं होतं. झाडलोट नि स्वयंपाकही शिक्षणातच धरलेला, मग मूल कुठल्याही घरचं असो.

तरी ही पद्धत फार पसरली नाही. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या आईबापांना लेकराच्या हाती पुन्हा टकळी नको होती, पुस्तक हवं होतं. त्यांना दोष देववत नाही. पुस्तक आणि हात एकत्र ठेवणारी आनंद निकेतन शाळा सेवाग्रामात २००५ पासून पुन्हा भरते आहे.

तिसरा धागा शाळेबाहेरचा आहे आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने गावातलेच देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने अभ्यासगट सुरू केले. जंगल, कायदा, मध काढण्याची रीत, जो प्रश्न समोर येईल त्यावर गावकरी बसून बोलतात, बाहेरच्या जाणत्याला बोलावतात. अभ्यासगट ठरवत काही नाही. ठरवते ग्रामसभा, तीही सर्वसहमतीने. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा हक्क, मिळाला, तेव्हा वनहक्क कायद्यावर तिथे आधीच भरपूर बोलणं झालेलं होतं.